वाजतं कोरडं, जळतं ओलं

आमच्या घरात कुणावर विश्वास ठेवायची पद्धतच नव्हती. यात लाजण्यासारखं काही नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला विश्वास परवडत नाही. आई दुधाचा थेंब नखावर धरून बघायची, ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा वर काढायची, आणि मटणवाल्याच्या तराजूकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघायची. वडील फौजेत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायचे, आणि पहिले दोन दिवस आई त्यांच्याकडेसुद्धा जरा संशयानंच बघते असं मला वाटायचं. कराडातली आमची भाड्याची जागा म्हणजे पुढं जेवणाऱ्यांची लांब खोली, मागं चूल आणि त्यामागं पत्र्याची पडवी असलेलं परसू. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं दोन्ही वेळा जेवायला यायची. मला सकाळी जाग यायची ती भाकरी थापायच्या आवाजानं. थप थप थप, मग क्षणभर गप्प, मग तव्यावर टाकल्याचा चर्र आवाज. थापायची ती माझी थोरली बहीण सुमन, माझी आक्का. तिची भाकरी इतकी पातळ आणि गोल असायची की पोरं पहिला घास मोडायच्या आधी ती उजेडाला धरून एकमेकांना दाखवायची. बरोबर वांग्याचं कालवण, खर्डा आणि ताक. आई वाढायची, मी पाणी द्यायची, आणि कोण किती भाकऱ्या खिशात घालतंय यावर आम्हां दोघींचा डोळा असायचा.

पण आईचा सगळ्यात जास्त संशय होता तो जळणावर. जळण वजनावर विकतात, आणि लाकडात पाणी असलं की पाण्याचंही वजन होतं. म्हणजे तुम्ही पाणी विकत घेता, वर ते जाळायला आणखी लाकूड घालता, आणि डोळे जातात ते वेगळेच. गाडी दारात आली की आई दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटायची. टणटणीत वाजलं तर वाळलेलं, भद्द वाजलं तर ओलं. मग टोकाला चिरा पडल्यात का बघायची, साल नखानं ओढून सुटते का बघायची, आणि शेवटी लाकूड गालाला लावायची. ओलं लाकूड गालाला गार लागतं. आमच्या आळीत तिला यावरून चिडवायचे, "मावशी, लाकडाचा मुका घेताय का?" ती म्हणायची, "घेती. तुज्यापरीस बरं हाय ते."

आता हे सगळं सोपं झालंय. परवा सांगलीत धाकट्या लेकाबरोबर दारांसाठी सागवान बघायला गेले होते. दुकानदारानं खिशातून छोटं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया फळीत टोचल्या आणि आकडा दाखवला. लेक खूश. मी मात्र फळी उचलून दुसरीवर आपटून वाजवली आणि गालालाही लावलीच. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, लेक म्हणाला, "आई, चल आता." मी म्हटलं, बाबा, यंत्र सुई जिथवर जाते तिथलंच सांगतं, मला आतलंही कळायला पाहिजे. हे मी कुठं शिकले ते सांगायलाच बसले आहे.

आक्काला स्थळ आलं ते वखारवाल्या तात्यांच्या मुलाचं, मधूचं. हमरस्त्याला त्यांची जळणाची मोठी वखार होती, गाड्यांची चाकं करायचा जुना धंदाही होता. बघायला आले तेव्हा मधू खाली मान घालून बसला होता. बोलले ते सगळं तात्या. तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथी हातात घेतली, दारातल्या उजेडाला धरली आणि म्हणाले, "इहीणबाई, पोरगी बघायची ऱ्हायली तरी चालंल. भाकरी बघितली!" सगळे खदखदून हसले. आईसुद्धा हसली, आणि ती सहसा हसायची नाही. मग तात्यांनी सांगितलं की वखारीला लागून ट्रकवाल्यांसाठी खानावळ काढायचा त्यांचा विचार आहे. लोणंदकडून, कोल्हापुराकडून गाड्या येतात, ड्रायव्हर लोकांना गरम भाकरी मिळाली तर सगळे तिथंच थांबतील. घर खाऊनपिऊन सुखी, नवरा निर्व्यसनी, आणि पोरगी गावातल्या गावात. सुपारी फुटली. वैशाखातला मुहूर्त धरला.

सुपारी फुटली आणि तिथून आमची पंचाईत सुरू झाली. तात्या म्हणाले, "आता जळण आमच्याकडनंच. परक्याच्या दारात कशाला जाताय?" आई म्हणाली, बाजारभावानंच घेईन. ते कबूल झालं. पण व्याह्याच्या घरची गाडी दारात आल्यावर त्यातली लाकडं आपटून बघणार कशी? गाडीवान जाऊन सांगणार, इहीणबाईंनी तुमचं लाकूड वाजवून घेतलं. मुलीकडच्यांनी असं करायचं नसतं. म्हणून आई दारात उभी राहून गोड हसायची, गाडीवानाला चहा द्यायची, पडवीत जळण रचून घ्यायची आणि पदराआड बोटं मोडायची. संध्याकाळी पोरं जेवून गेली की मगच ती लाकडं तपासायला पडवीत जायची.

आणि नेमकं तेव्हापासूनच जळण धुमसायला लागलं. चूल पेटायचीच नाही. पेटली तर लाकडाच्या टोकाला फेस यायचा, सूं सूं आवाज व्हायचा, आणि धूर असा कोंदायचा की पुढच्या खोलीतली पोरं ताटं घेऊन रस्त्यावर जाऊन बसायची. आई फुंकणीनं फुंकून फुंकून लाल व्हायची. भाकरी वर करपलेली, आत पिठूळ. दोन पोरं दुसऱ्या खानावळीत गेली. शेजारच्या काशीकाकू परसाच्या कुडावरून डोकावून म्हणाल्या, "सुमनच्या आई, सांगू का नको असं झालंय. परवा धुणं घेऊन नदीला गेल्ते. तात्यांची लाकडं दोरखंडानं बांधून कृष्णेत बुडवून ठेवल्याली हाईत. ह्या डोळ्यांनी बघितली."  दुपारी मला घेऊन आई नदीवर गेली, पाय धुवायच्या निमित्तानं. खरंच होतं. घाटाच्या पलीकडं, काठाला गुंतवलेल्या दोरखंडाखाली बाभळीचे मोठाले ओंडके पाण्यात निवांत पडले होते. त्यांच्यावर शेवाळ धरलं होतं. आई पाय धुवायचं विसरली.

"वजन वाढवायला," ती परतीच्या वाटेवर म्हणाली. "इवाई म्हणून घरात घेतला, आन हा पाणी पाजतोय आपल्याला. जी माणसं जळणात खोट करत्यात ती सुनेला काय नीट ठेवणार?" सोयरीक मोडायचा शब्द तिनं अजून काढला नव्हता, पण तो तिच्या ओठावर येऊन बसलेला मला दिसत होता. फुटलेली सुपारी मोडणं म्हणजे त्या काळी पोरीच्या कपाळावर डाग. त्यामुळे ती तडफडत होती. रात्री कूस बदलायची, सकाळी चुलीला शिव्या द्यायची. आक्का मात्र धुरात डोळे पुशीत मुकाट भाकऱ्या थापायची.

एका गोष्टीचं कोडं मात्र आईला सुटत नव्हतं. पडवीतलं लाकूड आपटलं तर भद्द वाजत नव्हतं. खणखणीत नव्हे, पण बऱ्यापैकी टण्ण वाजायचं. टोकाला चिराही होत्या. गालाला मात्र गार लागायचं. "शके," ती मला म्हणाली, "वाजतंय तर कोरडं आन जळतंय तर वलं. ह्याच्यात कायतरी काळंबेरं हाय." मला वाटलं, काळंबेरं आहे तर ते घरातच असणार. लोणंदचा एक विद्यार्थी जेवून उठल्यावर हात धुवायला परसात जायचा आणि बराच वेळ यायचा नाही. आक्काकडे बघायचाही जरा जास्तच. मी ठरवूनच टाकलं की हाच. लग्न मोडावं म्हणून हा पठ्ठ्या जळणावर पाणी ओतत असणार. दोन दिवस मी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी पकडला, तर काय, आमच्या वाळत घातलेल्या सांडग्यांतले सांडगे खिशात भरत होता! मी आईला सांगितलं. आईनं त्याचे सांडगे बंद केले, आणि माझा संशय तिथंच बारगळला.

मग मला शाळेतलं आठवलं. विज्ञानाच्या बाईंनी मातीत किती पाणी असतं ते काढून दाखवलं होतं. माती तोलायची, तव्यावर वाळवायची, पुन्हा तोलायची. कमी भरलं ते पाणी. मी म्हटलं, लाकडालाही हेच लावू. आईजवळ मसाला तोलायचा छोटा तराजू होता. एक ओंडका फोडला. बाहेरच्या, सालीकडच्या बारीक ढलप्या एका पारड्यात घातल्या, गाभ्यातल्या दुसऱ्या पारड्यात, आणि काटा अगदी मधोमध येईस्तोवर कमीजास्त केल्या. मग वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून चुलीच्या वैलावर, म्हणजे शेजारच्या जोडचुलीवर, मंद धगीला ठेवल्या. पहिल्या खेपेला धग जास्त झाली आणि ढलप्या करपल्या. करपल्या की वजन लाकडाचंही जातं, मग मोजण्यात अर्थ नाही. दुसऱ्या खेपेला दिवसभर राखत बसले. मधूनमधून तोलून बघायची. वजन घटायचं थांबलं की पाणी संपलं. शेवटी दोन्ही ढीग पुन्हा पारड्यांत घातले. गाभ्याचं पारडं खाली बसलं, आणि सालीकडचं टुणकन वर गेलं.

मी कितीतरी वेळ त्या तराजूकडे बघत बसले. आत कोरडंठाक, वर ओलं. महिनाभर नदीत पडलेलं लाकूड असं असेल का? ते गाभ्यापर्यंत भिजणार. म्हणजे तात्यांचं लाकूड वाळलेलंच येत होतं. त्याच्यावर पाणी पडत होतं ते आमच्या पडवीत. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण सहज बोलतो, पण इथं ते खरोखरच मुरत होतं. पडवीचा पत्रा गळायला पाऊस कुठं होता? काशीकाकू कुडावरून ओततील? त्यांचा हात पोचायचा नाही. सांडगेवाला तर नाहीच. मी आईला सांगायला उठले आणि पुन्हा बसले. आधी माणूस कळू दे म्हटलं.

दुपारी पोरं जेवून गेली की आई घटकाभर पडायची. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाते म्हणून निघाले आणि त्या वेळेला कुडाच्या बाजूनं परत आले. आक्का परसात भांडी घासत होती. घासून झाल्यावर तिनं तांब्या भरला, पडवीत गेली आणि तुळशीला घालावं तसं सावकाश, एकेका लाकडावर पाणी घातलं. पुन्हा भरला, पुन्हा घातलं. मग भिजलेली बाजू खाली जाईल अशी लाकडं फिरवून ठेवली. सवयीचं काम असल्यासारखी.

"आक्का!"

तिनं दचकून तांब्या टाकला नाही की काही नाही. "शाळंला गेली न्हाईस?" एवढंच म्हणाली.

"का करतीस असं?"

"मला त्या घरात जायचं न्हाई."

"मग आईला सांग की!"

"सांगितलं," आक्का म्हणाली. "सुपारी फुटायच्या आदी सांगितलं, मागनं बी सांगितलं. म्हणती, सगळ्याच पोरी न्हाई म्हणत्यात. मी नको म्हटलं तवा ती उठून पीठ चाळाय लागली. आन लाकूड वलं म्हटल्यावर बघ, झोप न्हाई तिला."

"मधू वाईट हाय?"

"मला काय म्हाईत? मी त्याला नीट बघितलं न्हाई, त्यानं मला बघितलं न्हाई. माणसं भाकरी बघून गेली गं. परकर नेसत हुते तवापास्नं चुलीपुढं बसलीया मी. हितनं उठायचं आन तिथं ट्रकवाल्यांच्या चुलीपुढं बसायचं, ह्यालाच लगीन म्हणायचं?"

"मग तुला करायचं तरी काय हाय?"

"कुणी इचारलंय का कवा? मला बी म्हाईत न्हाई. पर आदी उठू तर द्या मला!"

मला तिचा राग आला होता, आणि रडूही येत होतं. "तात्यांचं नाव खराब होतंय त्याचं काय?" मी विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हाईत हाय मला. रोज पाणी घालताना म्हाईत असतंय," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. आक्का आता माधवनगरला असते. हे प्रकरण लिहू का म्हणून तिला फोन केला होता. म्हणाली, "लिही. खोटं थोडंच हाय?" तिच्या घरी भाकऱ्या करायला बाई येते आणि आक्का त्या बाईला एका शब्दानं नावं ठेवत नाही.

मी आईला सांगावं की न सांगावं याचा निर्णय व्हायच्या आतच आईनं तात्यांना बोलावणं धाडलं. रविवारी पोरं जेवून गेल्यावर तात्या आले. आईनं पाटही नीट मांडला नाही. "तात्या, इचारते, राग मानू नका. नदीत लाकडं कशाला बुडवल्यात?"

तात्या हसले. "आवं, ती चाकाची! बाभळ पाण्यात मुरवल्याबिगर चाकाला घेत न्हाईत. न्हाईतर भुंगा लागतो, वरसात भुगा." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. हसू जागच्या जागी गेलं. "म्हंजी इहीणबाई, मी तुमाला पाण्यात बुडवून जळण घालतोय, असं म्हणायचं हाय?"

"जळत न्हाई तुमचं जळण. पोरं उठून गेली माजी."

तात्या उठून परसात गेले. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली, पडवीतला एक ओंडका ओढला आणि एका घावात फोडला. "लावा हात. गाल लावा, तुमी लावता म्हणं." आईनं हात लावला. आतला गाभा पिठासारखा कोरडा होता. तात्यांनी दुसरा फोडला, तिसरा फोडला. मग खाली वाकून रचलेल्या जळणाखालची जमीन बघितली. तिथं चिखल झाला होता. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आत कोरडं, वर वलं. नदीतलं लाकूड असं नसतंय. हे पाणी हितलं हाय. माज्या बापापास्नं वखार हाय, कुणी बोट दावलं न्हाई आजवर. सोयरीक ऱ्हाऊ द्या बाजूला. आदी सांगा, कुणी घातलं पाणी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग तिनं दारात उभ्या असलेल्या आक्काकडे बघितलं. आक्काचे हात पिठानं भरलेले होते आणि ती त्या चिखलाकडेच बघत होती. आईच्या तोंडावरून सगळं सरसर उतरत गेलेलं मी बघितलं. आक्का पुढं आली, तोंड उघडलं. "तात्या, मी..."

"मी घातलं," आई म्हणाली. मोठ्यानं, काशीकाकूंनाही ऐकू जाईल अशी.

"तुमी?"

"व्हय. मला पोरगी द्यायची न्हवती. सुपारी फुटून बसल्याली, तोंडानं सांगायला धीर हुईना, म्हणून पाणी घातलं. तुमच्या मालात खोट न्हाई. सगळ्या कराडाला सांगा. मीच सांगितलं म्हणून सांगा."

तात्यांनी कुऱ्हाड होती तिथं नेऊन ठेवली. "एका शब्दानं काम झालं असतं, बाई," ते म्हणाले. इहीणबाई म्हणाले नाहीत. चहा न घेता गेले.

त्यांनी गावात सांगितलं, आणि का सांगू नये? पुढं कितीतरी दिवस कराडातला कुणी वखारवाला आम्हांला दारात उभं करत नव्हता. कडेगावकडून येणाऱ्या गाड्यांतलं जळण घ्यावं लागायचं, आणि तो गाडीवानही आईच्या तोंडावर म्हणायचा, "मावशी, माझ्यासमोरच जाळून बघा. मागनं पाणी घालशीला." जन्मभर दुसऱ्याचा तराजू तपासणारी बाई मान खाली घालून ऐकून घ्यायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी एकदा खरं सांगून टाकते म्हटलं तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

पण हे मागाहूनचं. त्या संध्याकाळी आक्का नेहमीसारखी परातीपुढं बसली. आई आली आणि म्हणाली, "सरक." आक्का सरकली. आई स्वतः थापायला बसली. तिच्या भाकरीला कडेला चिरा जायच्या, आणि जाडही व्हायची. पुढच्या खोलीतून कुणीतरी कुरकुरलं, "मावशी, आज भाकरी अशी?" आईनं ओरडून सांगितलं, "खायची तर खा, न्हाईतर वाट धर." आक्का भिंतीला टेकून बसली होती. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवायची, कधी पदरात घालायची.

"मला सांगायचं न्हाईस व्हय?" आई परातीत बघतच म्हणाली.

"सांगितलं हुतं की. दोनदा."

आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली.

"मग तिसऱ्यांदा सांगायचं." आईनं पिठाच्या मनगटानं डोळे पुसले. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

"ऐकलं असतंस?"

"म्हाईत न्हाई," आई म्हणाली. "पर सांग. आता सांग."

 आक्का भिंतीपासून सुटून चुलीशी आली, आईच्या शेजारी बसली आणि हळूहळू बोलायला लागली. पुढच्या खोलीत पोरं ताटं वाजवत होती. आईनं उकळतं आधण बाजूला केलं आणि तवा खाली उतरवून ठेवला.